चौदा औंसांचा पाऊंड: अठराव्या शतकातल्या साध्या खलाशाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊंड सोळा औंसांचा असतो. अठराव्या शतकातल्या ब्रिटिश आरमारात मात्र खलाशाच्या पानात पडणारा पाऊंड चौदा औंसांचा होता. जहाजाच्या कोठावळ्याला, म्हणजे पर्सरला, सांडलवंड आणि नासाडीपोटी दर पाऊंडामागे दोन औंस कापून घ्यायची रीतसर मुभा होती. आपल्याकडे याला काटा मारणे म्हणतात. फरक एवढाच की इथे काटा मारायला सरकारचीच परवानगी होती.

या खलाशांबद्दल वाचताना वादळे, शार्क, तोफा या गोष्टी आधी नजरेत भरतात. मला मात्र वर्षानुवर्षे वाचून असे वाटत आले आहे की या माणसांना समुद्राने जेवढे छळले त्याहून जास्त हिशेबाच्या वह्यांनी छळले. पुढची उत्तरे मुख्यतः ब्रिटिश आरमाराबद्दल आहेत, कारण तिथले हजेरीपट आणि कागद भरपूर उरले आहेत. जिथे आपल्या किनाऱ्याचा खरा संबंध येतो, तिथे तोही सांगितला आहे.

ही माणसे स्वखुशीने भरती होत, की धरून आणत?

दोन्ही. शांततेच्या काळात आरमाराला थोडीच माणसे लागत आणि ती आपणहून येत. युद्ध पेटले की हजारो माणसे एका दमात हवी असत, आणि मग प्रेस गँग बाहेर पडे. एक लेफ्टनंट, सोबत दांडकी घेतलेले काही धटिंगण, आणि बंदरातल्या दारूच्या गुत्त्यांवर धाड. अठरा ते पंचावन्न वयाचा, समुद्राची सवय असलेला माणूस कायद्याने धरता येत असे. खलाशी ओळखायला पुरावा लागत नसे. चालण्याची ढब, हातावरचे डांबराचे डाग, बोलण्यातले शब्द, एवढे पुरे होई. काही धंद्यांतल्या लोकांना ‘प्रोटेक्शन’ नावाचा माफीचा दाखला मिळे, पण माणसांची फारच निकड असली की तोही मानला जात नसे.

सगळ्यात क्रूर प्रकार बंदरात नव्हे, समुद्रावर घडे. ईस्ट इंडिया कंपनीचे जहाज मुंबईहून किंवा चीनहून निघून इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ आलेले असे. दीड-दोन वर्षांनी घरच्या टेकड्या दिसू लागत, आणि तेवढ्यात आरमाराची बोट बाजूला लागून चांगले चांगले खलाशी उतरवून नेई. ना घर, ना आई, ना बायको. एका जहाजातून थेट दुसऱ्यात, आणि पुन्हा काही वर्षे समुद्रावर.

धरलेल्या माणसाला एक संधी देत: आता ‘स्वेच्छेने आलो’ असे लिहून दे, म्हणजे भरतीचे बक्षीस मिळेल. सुटका तर नाहीच, निदान पैसे तरी, म्हणून बरेच जण लिहून देत. त्यामुळे हजेरीपटात ‘स्वयंसेवक’ असा शेरा दिसला की मी सहसा विश्वास ठेवत नाही.

पगार किती होता?

कसलेल्या खलाशाला अठ्ठावीस दिवसांच्या महिन्याला २४ शिलिंग, साध्याला १९. हे दर १६५३ मध्ये ठरले आणि १७९७ पर्यंत तसेच राहिले. एकशे चव्वेचाळीस वर्षे! पणजोबा ज्या पगारावर डोलकाठी चढले, त्याच पगारावर पणतू चढत होता. मधल्या काळात धान्य, कापड, घरभाडे सगळे वाढले, आणि युद्धाच्या काळात व्यापारी जहाजांवर याच कामाला दुपटीहून जास्त पैसे मिळत.

त्यातूनही दरमहा सहा पेन्स ग्रीनिच रुग्णालयासाठी कापत आणि आणखी सहा पेन्स चॅटमच्या निधीसाठी, जखमींच्या मदतीपोटी. सरकार गणवेश देत नसे. अधिकाऱ्यांसाठी तो ठरला १७४८ मध्ये, साध्या खलाशांसाठी थेट १८५७ मध्ये. तोवर सदरा, विजार, तंबाखू हे सगळे पर्सरकडून उधारीवर घ्यायचे आणि ते पगारातून वळते व्हायचे.

तो पगार हातात कधी पडायचा?

हा प्रश्न पगाराच्या आकड्याहून महत्त्वाचा आहे. माणूस पळून जाऊ नये म्हणून सहा महिन्यांचा पगार मुद्दाम अडकवून ठेवत, आणि प्रत्यक्षात थकबाकी वर्षांवर जाई. जहाज परदेशात असेल तर पगार नाहीच, ते इंग्लंडच्या बंदरात परत येईल तेव्हा मिळायचा. मधेच दुसऱ्या जहाजावर बदली झाली तर पैशाऐवजी एक चिठ्ठी हातात ठेवत. ती चिठ्ठी ठरावीक कचेरीत नेली तरच वटे. खलाशाला किनाऱ्यावर उतरायचीच परवानगी नसल्याने तो ती दलालाला पडेल त्या भावात विकून टाकी. १७५८ च्या कायद्याने घरी पैसे पाठवण्याची थोडी सोय केली, पण पगार तुंबवून ठेवण्याची खोड गेली नाही.

इकडे घरच्या बाईला ना पगार, ना चिठ्ठी. नवरा पकडून नेला त्या दिवसापासून तिची चूल कशी पेटायची, याची नोंद आरमाराच्या कोणत्याही वहीत नाही.

खायला काय मिळायचे?

कागदावरचा शिधा बघितला तर भरपूर. रोज एक पाऊंड बिस्किट आणि एक गॅलन, म्हणजे साडेचार लिटर, पातळ बिअर. आठवड्याला चार पाऊंड खारवलेले गोमांस, दोन पाऊंड खारवलेले डुकराचे मांस, वाटाणे, ओटचे पीठ, थोडे लोणी, थोडे चीज. खरे सांगायचे तर इंग्लंडातल्या शेतमजुराच्या ताटात इतके मांस कधी पडत नव्हते. गरिबाघरच्या पोराला आरमाराची ओढ वाटे ती यामुळेही, आणि हे मान्य करायलाच हवे.

पण हे मांस पिंपात मिठात घालून महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे ठेवलेले असे. शिजवण्याआधी पाण्यात भिजत घालावे लागे, तरी ते लाकडासारखे राही. बिस्किट म्हणजे आपल्या चहातले बिस्किट नव्हे. पीठ, पाणी आणि जरासे मीठ घालून दगडासारखे भाजलेले ते चकते असे. त्यात किडे होत. खायच्या आधी खलाशी ते टेबलावर ठाकठाक आपटत, किडे बाहेर पडत, मग उरलेले खात. काही जण अंधारात खाणे पसंत करत. लोणी खवट होई, पिंपातले पाणी हिरवे पडून त्याला वास येई.

जेवायला सहा ते आठ जणांचे एक टोळके असे. दोन तोफांच्या मधे दोरांवर लोंबकळणारी एक फळी, तेच टेबल. मांसाचे तुकडे सारखे कधीच नसत. एकाच्या वाट्याला हाड, दुसऱ्याच्या वाट्याला चरबी. भांडण होऊ नये म्हणून एक जण पाठ फिरवून बसे. दुसरा तुकड्यावर काटा टेकवून विचारी, ‘हा कोणाचा?’ पाठमोरा माणूस न बघता एक नाव घेई. मग पुढचा तुकडा, पुढचे नाव. वरच्या वजनकाट्यात खोट होती. या फळीवर मात्र वाटणी चोख व्हायची.

‘बॅनियन डे’ म्हणजे काय? त्याचा भारताशी संबंध आहे का?

आहे, आणि अगदी थेट. सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी मांस मिळत नसे, नुसते वाटाणे, पीठ, चीज यांवर भागवायचे. या दिवसांना खलाशी ‘बॅनियन डे’ म्हणत. सुरतेकडे आणि पश्चिम किनाऱ्यावर आलेल्या टोपीकरांनी मांसाला न शिवणारे बनिया व्यापारी पाहिले, आणि त्यांच्यावरून बिनमांसाच्या दिवसाला नाव पडले. थोडक्यात वाण्याचे दिवस. उत्तर अटलांटिकच्या गारठ्यात वाटाण्याची आमटी ओरपणाऱ्या माणसाच्या तोंडी आपल्याकडचा शब्द होता.

आणि रम?

बिअर संपली किंवा नासली की रम देत. रोजचा अर्धा पाइंट, तीही निर्भेळ. त्यामुळे माणसे झिंगून डोलकाठीवरून खाली पडत. २१ ऑगस्ट १७४० रोजी ॲडमिरल व्हर्नन यांनी हुकूम काढला की त्यात चौपट पाणी मिसळून दिवसातून दोनदा द्यावी. व्हर्नन ग्रोग्रॅम नावाच्या जाड कापडाचा झगा घालत, म्हणून या पाणीदार रमला ‘ग्रॉग’ नाव पडले. रोजचा रमचा वाटा ब्रिटिश आरमाराने ३१ जुलै १९७० रोजी बंद केला.

झोपायला किती जागा होती?

छताच्या तुळईला टांगलेली कापडी झोळी आणि माणशी चौदा इंच रुंदी. आपली वीत दीड वेळा ठेवून बघा. अर्धी माणसे पाळीवर वर गेलेली असत, म्हणून प्रत्यक्षात दुप्पट जागा मिळे, तेवढाच दिलासा. बंदरात सगळे एकदम झोपले की अंगाला अंग लागे.

पाळी चार तासांची. संध्याकाळच्या दोन पाळ्या दोन-दोन तासांच्या, म्हणजे रोजचा क्रम आपोआप बदलत राही. वाळूचे घड्याळ दर अर्ध्या तासाला उलटायचे आणि घंटा वाजवायची. आठ टोले पडले की पाळी संपली. याचा अर्थ सलग चार तासांपेक्षा जास्त झोप जवळपास कधीच नाही, आणि वादळ आले की तीही मोडणार. ओल्या कपड्यांनीच झोळीत शिरायचे, कारण बदलायला दुसरा जोड असेलच असे नाही आणि वाळत घालायला जागा नाही. तोफांची झडपे मिटलेली, हवा कोंदट, खाली पाणी साचून कुजलेले, वर शेकडो माणसांचा घाम. शौचाला जहाजाच्या नाळेकडे, अगदी पुढच्या टोकाला, उघड्यावर बसायचे, खाली लाटा.

कोणते काम सर्वात धोक्याचे होते?

उंचावर शीड आवरणे. पोर्ट्समथला आजही उभे असलेले ‘व्हिक्टरी’ जहाज १७६५ मध्ये पाण्यात उतरले. त्याची मुख्य डोलकाठी पाण्यापासून सुमारे २०५ फूट उंच होती, म्हणजे वीस मजली इमारत धरा. वादळात नेमके तेव्हाच वर चढायचे असते, कारण शीड तेव्हाच कमी करावे लागते. शीड ज्याला बांधलेले असते त्या आडव्या लाकडाखाली, म्हणजे परबाणाखाली, एक दोर ताणलेला असे. त्यावर पाय, परबाणावर पोट, आणि दोन्ही हातांनी भिजून टणक झालेले कापड ओढायचे. धरायला हात मोकळा नाही. जहाज कलले की माणूस कधी डेकवर असे, कधी थेट समुद्रावर. बोटांची नखे उचकटत. रात्री, पावसात, थंडीतही हेच.

जड पिंपे आणि दोर ओढून ओढून अंतर्गळाचा त्रास इतका सर्रास होता की आरमाराला पोटपट्टे मोठ्या संख्येने पुरवावे लागत. अपघात सगळ्यांना दिसतात. कमरेतून कायमचा गेलेला तिशीतला माणूस कोणत्या चित्रात दिसत नाही.

स्कर्व्ही म्हणजे काय, आणि ती इतकी माणसे का मारायची?

ताजी फळे-भाजी महिनोन्महिने मिळाली नाही की शरीरातले क जीवनसत्त्व संपते. आधी थकवा आणि उदासी, मग हिरड्या सुजून काळ्या पडतात, दात हलतात, अंगावर निळे डाग येतात, आणि बऱ्या झालेल्या जुन्या जखमा पुन्हा उघडतात. कमोडोर अँसन यांच्या जगप्रदक्षिणेच्या हकिकतीत एक म्हातारा आहे. आयर्लंडमधल्या बॉइनच्या लढाईत पन्नास वर्षांपूर्वी झालेली त्याची जखम जहाजावर पुन्हा उघडली, जणू कधी भरलीच नव्हती.

या मोहिमेबद्दल थोडे थांबून सांगायला हवे. सप्टेंबर १७४० मध्ये सहा युद्धनौका सुमारे १९०० माणसे घेऊन निघाल्या. शिपाई कमी पडले म्हणून लंडनच्या चेल्सी इथल्या लष्करी रुग्णालयाच्या निवृत्त सैनिकांना, म्हणजे म्हाताऱ्या आणि अधू माणसांना, जहाजावर चढवायचा हुकूम निघाला. ज्यांना चालता येत होते ते पोर्ट्समथमधूनच पळाले. ज्यांना पळता येत नव्हते असे २५९ जण चढवले गेले. हुकूम काढणाऱ्याला खर्च वाचला एवढेच दिसले असणार. १७४४ मध्ये एकटे ‘सेंच्युरियन’ परत आले तेव्हा त्यावर १८८ माणसे होती. मोहिमेत तेराशेहून अधिक मेले, आणि शत्रूच्या हातून मेलेले त्यात मोजके.

लिंबू हा उपाय माहीत नव्हता का?

माहीत होता, तरी पोहोचला नाही. २० मे १७४७ रोजी ‘सॉल्झबरी’ जहाजावर जेम्स लिंड या वैद्याने स्कर्व्हीचे बारा रोगी निवडले आणि दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या. जेवण सगळ्यांना एकच. एका जोडीला सायडर, दुसरीला गंधकाम्लाचे थेंब घातलेले औषध, तिसरीला व्हिनेगर, चौथीला समुद्राचे पाणी, पाचवीला लसूण-मोहरी वगैरेची गोळी आणि सहावीला रोज दोन संत्री व एक लिंबू. सहा दिवसांत फळे संपली. तोवर संत्रे-लिंबू खाणाऱ्या दोघांतला एक कामावर उभा राहण्याइतका बरा झाला होता. लिंडने हे १७५३ मध्ये छापून प्रसिद्ध केले.

आरमाराने लिंबाचा रस सर्वत्र द्यायचे ठरवले ते १७९५ मध्ये. मधली बेचाळीस वर्षे कुठे गेली? सगळा दोष एकट्या आरमाराला देता येत नाही. लिंडलाही आपल्या प्रयोगाचा पूर्ण अर्थ लागला नव्हता. रस टिकावा म्हणून तो आटवायला सांगायचा, आणि आटवताना त्यातला गुणच उडून जायचा. कॅप्टन कुक यांनी माल्टच्या काढ्याची स्तुती केली. तो काढा स्वस्त होता, टिकाऊ होता, आणि स्कर्व्हीवर त्याचा काडीचा उपयोग नव्हता. स्वस्त उपायाला एवढ्या मोठ्या माणसाची शिफारस मिळाल्यावर महाग लिंबू कोण घेणार? आपल्या घरात बरणीभर असलेला मोरावळा बघितला की मला त्या बारा जणांची आठवण येते.

कुक यांना माणसांची काळजी मात्र होती. सप्टेंबर १७६८ मध्ये मदेरा बेटावर ताजे मांस खायला नकार दिला म्हणून त्यांनी दोघांना बारा-बारा फटके मारवले. पुढे आंबवलेला कोबी कोणी खाईना, तेव्हा तो रोज अधिकाऱ्यांच्या टेबलावर वाढायला लावला. साहेब खातात म्हटल्यावर खलाशीही मागू लागले.

लढाईत किती मरायचे?

रोगांच्या मानाने फार थोडे. सात वर्षांच्या युद्धानंतर (१७५६ ते १७६३) प्रसिद्ध झालेला हिशेब असा: आरमारासाठी घेतलेली माणसे १,८४,८९९. लढाईत मेलेले १,५१२. रोगाने मेलेले आणि बेपत्ता मिळून १,३३,७०८. या शेवटच्या आकड्यात पळून गेलेलेही आहेत, त्यामुळे सगळे मृत्यू समजू नयेत. पण मेलेला आणि पळालेला यांना एकाच रकान्यात घातले, यातूनच वही लिहिणाऱ्याची नजर कळते. त्याच्या लेखी दोघेही सारखेच, कामावर नसलेले.

टायफस उवांमधून पसरे, पीतज्वर वेस्ट इंडीजमध्ये अख्खी जहाजे रिकामी करी. लढाईत जखमी झालेल्यांना खाली, पाण्याच्या पातळीखालच्या अंधाऱ्या डेकवर नेत. भूल नव्हती. रमचा घोट, दातात चामड्याचा तुकडा, आणि करवत.

शिक्षा खरोखर इतक्या कडक होत्या का?

होत्या, पण सगळ्या जहाजांवर सारख्या नव्हत्या. नऊ शेपट्यांचा आसूड हे नेहमीचे हत्यार. नियमाप्रमाणे कप्तानाला आपल्या अधिकारात बाराच फटके देता येत, त्याहून जास्तीला कोर्ट मार्शल हवे. हा नियम सर्रास मोडला जाई. मोठ्या गुन्ह्याला माणसाला बोटीत बांधून ताफ्यातल्या प्रत्येक जहाजाच्या बाजूला नेऊन फटके मारत. त्यात कित्येक मरत. रोजच्या कामात हात मंद पडला तर बोसनचा, म्हणजे डेकवरच्या मुकादमाचा, मदतनीस दोराच्या टोकाने पाठीत हाणे. त्याची नोंदही होत नसे, आणि ही पद्धत १८०९ पर्यंत चालली.

एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. खलाशांच्या तक्रारअर्जांत फटक्यांच्या प्रथेविरुद्ध फारसे काही नसे. चोराला, किंवा पाळीवर झोपणाऱ्याला शिक्षा व्हावी असे त्यांनाही वाटे. त्यांचा राग होता तो लहरी कप्तानावर. सप्टेंबर १७९७ मध्ये ‘हर्मायनी’ जहाजावर कप्तान ह्यू पिगट यांनी वर चढलेल्यांतला शेवटी उतरेल त्याला फटके, असे बजावले. घाईत तीन पोरे वरून डेकवर पडून मेली. पिगट यांनी त्यांना शिवी देऊन समुद्रात फेकायला लावले. दुसऱ्या रात्री खलाशांनी बंड करून पिगट आणि इतर अधिकाऱ्यांना ठार मारले. त्या रात्रीचे समर्थन मला करता येत नाही, कारण मेलेल्यांत निरपराधही होते. पण ती कशातून आली हे कळते.

शत्रूच्या जहाजाच्या लुटीत खलाशाला वाटा मिळायचा ना?

मिळायचा. लुटीचे आठ भाग करत: तीन कप्तानाचे (त्यातला एक ॲडमिरलचा), तीन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांचे आणि उरलेले दोन सगळ्या खलाशांमध्ये मिळून. १७६२ मध्ये स्पेनचे ‘हर्मायनी’ नावाचेच एक खजिन्याचे जहाज दोन ब्रिटिश जहाजांनी पकडले. त्यात साध्या खलाशाला सुमारे ४८५ पाऊंड मिळाले, म्हणजे तीस वर्षांचा पगार. कप्तानांना प्रत्येकी ६५,००० च्या आसपास. अशी लॉटरी शतकात एखाद्यालाच लागे, पण तिची कहाणी प्रत्येक बंदरातल्या गुत्त्यात सांगितली जाई. भरती करणाऱ्यांना तेच हवे असे.

आपल्या विजयदुर्गाचा प्रसंग याच नियमातला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्रे यांचा हा किल्ला घेतला. लूट कोणी किती घ्यायची याची वाटणी मुंबईहून निघण्याआधीच झाली होती, आणि मोहिमेत सोबत असलेल्या पेशव्यांच्या फौजेला त्यात जागा नव्हती.

गुलामांच्या जहाजांवरच्या खलाशांचे काय?

ते एकाच वेळी छळणारे आणि छळले जाणारे होते, आणि त्यातले पहिले कधी विसरू नये. साखळदंडात बांधलेल्या आफ्रिकी स्त्री-पुरुषांचे जे झाले त्याची बरोबरी कशाशीच होत नाही. पण आकडे चकित करणारे आहेत. १७८७ मध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणारे थॉमस क्लार्कसन यांनी ब्रिस्टल आणि लिव्हरपूलला जाऊन जहाजांचे हजेरीपट तपासले. या फेऱ्यांत खलाशांतलेही पाचातला एक जण मरत होता. शिवाय वेस्ट इंडीजला गुलाम विकून झाले की परतीला इतकी माणसे लागत नसत. मग कप्तान उरलेल्यांना इतका जाच करी की ते पगार सोडून पळून जात. पगार वाचला. जमैकाच्या धक्क्यांवर असे आजारी, निराधार खलाशी पडलेले असत.

बायका जहाजावर असत का?

बंदरात असत, आणि काही अधिकाऱ्यांच्या बायका प्रवासातही. वेषांतर करून आलेल्याही होत्या. हॅना स्नेल पुरुषाच्या नावाने मरीन सैनिक म्हणून भरती झाली, १७४८ मध्ये पाँडिचेरीच्या वेढ्यात लढली आणि जखमी झाली. १७५० मध्ये तिने स्वतःच खरे काय ते सांगितले, आणि तिला निवृत्तिवेतन मिळाले.

कोकणातले, गोव्याचे खलाशी या जहाजांवर होते का?

होते. त्यांना ‘लस्कर’ म्हणत. बंगाल, गुजरात, कोकण, गोवा अशा सगळ्या किनाऱ्यांवरून ते येत. युरोपी खलाशी तापाने मरत किंवा आरमार त्यांना पकडून नेई, आणि रिकाम्या जागा लस्कर भरत. त्यांना सारंगामार्फत टोळीने भरती करत. सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, मग खलाशी. पगार सारंगाच्या हातून येई आणि त्यात त्याचा हिस्सा असे. गोऱ्या खलाशाच्या पगाराचा एक लहानसा भागच लस्कराला मिळे.

खरी परवड लंडनला पोहोचल्यावर. ब्रिटिश कायद्याप्रमाणे जहाजावरचे तीन चतुर्थांश खलाशी ब्रिटिश हवेत. त्यामुळे येताना कामाला चाललेला लस्कर परत जाताना नको असे. रत्नागिरीच्या उन्हात वाढलेली माणसे लंडनच्या हिवाळ्यात सुती कपड्यांत रस्त्यावर भीक मागत. १७८६ मध्ये लंडनमधल्या काळ्या गरिबांसाठी मदत समिती निघाली, तिच्या कामाची सुरुवात या लस्करांच्या हालांतूनच झाली.

मग मराठा आरमारातल्या खलाशाचे जीवन सोपे होते का?

सोपे नव्हे, वेगळे. कोळी, भंडारी, गाबित, दालदी अशा समाजांतली माणसे गुराबांवर आणि गलबतांवर होती. ही जहाजे किनारा धरून चालत, खाडीत शिरून पाणी आणि अन्न घेत, आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढली जात. नारळी पौर्णिमेनंतर दर्या पुन्हा मोकळा. त्यामुळे महिनोन्महिने जमीन न दिसणे आणि स्कर्व्ही हे प्रकार त्यांच्या वाट्याला आले नाहीत. कान्होजी आंग्रे यांच्या दराऱ्याबद्दल खूप लिहिले गेले आहे. त्यांच्या वल्हेकऱ्यांच्या दिवसाबद्दल कुणी लिहून ठेवले असते तर किती बरे झाले असते.

खलाशांनी कधी एकजूट केली का?

केली, आणि जगाला एक शब्दही दिला. १७६८ मध्ये लंडनच्या खलाशांनी पगारासाठी थेम्समधल्या जहाजांची शिडे खाली उतरवली. शीड उतरवणे म्हणजे ‘स्ट्राइक’. संपाला इंग्रजीत आजही तोच शब्द आहे.

मोठा लढा १६ एप्रिल १७९७ चा, ईस्टर रविवारचा. पोर्ट्समथजवळ स्पिटहेडला उभ्या असलेल्या ताफ्याने निघायला नकार दिला. सोळा जहाजे, प्रत्येकी दोन प्रतिनिधी. मागण्या वाचून आजही गलबलून येते: पगार वाढवा. पाऊंड सोळा औंसांचा द्या. बंदरात असताना भाजी द्या. आजाऱ्यांची नीट काळजी घ्या. जखमी माणसाचा पगार तो बरा होईपर्यंत चालू ठेवा. घरच्यांना भेटायला थोडी रजा द्या. आणि सोबत आश्वासन: फ्रेंच ताफा बाहेर पडला तर आम्ही लगेच लढायला निघू. महिनाभर त्यांनी जहाजांवर शिस्त राखली, पाळ्या चालू ठेवल्या, दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्याला स्वतः शिक्षा केली. ‘लंडन’ जहाजावर गोळीबार होऊन काही खलाशी मेले, तरी सूडाचे रक्त सांडू दिले नाही. शेवटी वृद्ध ॲडमिरल हाउ राजाचे माफीपत्र घेऊन जहाजाजहाजावर फिरले. कसलेल्या खलाशाचा पगार साडेपाच शिलिंगने वाढला आणि पाऊंड सोळा औंसांचा झाला.

त्याच वसंतात थेम्सच्या मुखाशी नोर इथे दुसरे बंड झाले. त्यांच्या मागण्या जास्त होत्या आणि सरकारचा संयम संपला होता. त्यांचा पुढारी रिचर्ड पार्कर याला ३० जूनला ‘सँडविच’ जहाजावर फाशी दिली, त्याच्या मागोमाग आणखीही अनेकांना.

जहाजावर माणूस मेला की काय करत?

त्याच्याच झोळीत घालून शिवत, पायाशी तोफेचे दोन गोळे ठेवत. कप्तान प्रार्थना म्हणे, फळी कलती करत. हजेरीपटात त्याच्या नावापुढे दोन अक्षरे पडत: डीडी, म्हणजे ‘मृत, नाव कमी’. पळालेल्यापुढे एकच अक्षर, आर. डीडी पडले की पगार त्या दिवशी थांबला, आणि पर्सरने त्याच्या कपड्यांची उधारी वळती करून घेतली.

मग एखाद्या दिवशी मुख्य डोलकाठीपाशी त्याच्या सामानाचा लिलाव होई. दोन सदरे, विजार, चाकू, सुईदोऱ्याची पुरचुंडी. आलेले पैसे त्याच्या घरी जायचे. ज्यांच्यापाशी स्वतःचा पगार वर्षानुवर्षे आलेला नसे ते सोबती बोली लावत. किंमत त्यांच्या नावावर लिहिली जाई, पुढे पगारातून कापायला. फाटक्या सदऱ्याला नव्याहून जास्त भाव येई. कधी कधी घेणारा तो सदरा लगेच परत ठेवी, आणि त्याच सदऱ्याची बोली पुन्हा सुरू होई.